१४ आठवडे, ५.१ किलो: वजन खरंच कमी भरतंय का, आणि वरचं दूध सुरू करावं का?

तुम्ही बरंच लिहिलंय आणि कामाच्या गोष्टी त्यात इकडेतिकडे विखुरल्या आहेत, म्हणून आधी सगळं एका जागी आणते. मुलगी पूर्ण दिवसांची, जन्माचं वजन २.८ किलो. चौथ्या दिवशी घरी सोडलं तेव्हा २.६. सहाव्या आठवड्याच्या लसीला ४.०, दहाव्या आठवड्याला ४.७ आणि आता चौदाव्या आठवड्याला ५.१. दूध फक्त अंगावरचं, शिवाय संध्याकाळी थोडी बाळगुटी. एका डॉक्टरांनी ‘वजन मंदावलंय’ म्हणून चिठ्ठीवर डब्याच्या दुधाचं नाव लिहिलं, दुसऱ्यांनी ‘बाळ उत्तम आहे, काही करू नका’ म्हणून परत पाठवलं. सासूबाईंचं म्हणणं, तुमचं दूध पातळ आहे, गाईच्या दुधात निम्मं पाणी घालून सुरू करू. शेजारचा तेवढ्याच दिवसांचा मुलगा सात किलोचा आहे. त्यात तुम्ही एकदा पंप लावून पाहिलात, दोन्हीकडचं मिळून ४० मिली निघालं आणि तेव्हापासून ‘दूध कमी पडतंय’ हे डोक्यात पक्कं बसलंय.

तुम्ही विचारलंय, कोणता डबा चांगला. त्याचं उत्तर देता येईल, पण त्याआधी दोन गोष्टी ठरायला हव्यात. वजन खरोखर मागे पडतंय का? आणि पडत असेल तर दूध कमी बनतंय, की बनलेलं दूध बाळाच्या पोटात जात नाहीये? या दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. मी बाळाला पाहिलेलं नाही, त्यामुळे तिची लांबी, डोक्याचा घेर, अंगाचा ताठपणा, छातीचे ठोके यांबद्दल मला काही बोलता येणार नाही. मुलगी कमी दिवसांची असती किंवा दीड-दोन किलोची जन्मली असती, तरी पुढचा सगळा हिशोब बदलला असता.

आता आकडे. वजनाकडे किलोत न पाहता रोजच्या ग्रॅममध्ये पाहायची सवय लावा. बाळ जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत थोडं वजन उतरतं, सात ते दहा टक्क्यांपर्यंत उतरलं तरी चालतं, आणि दहा ते चौदा दिवसांत ते भरून निघतं. तिथून पुढे पहिले तीन महिने रोज साधारण २० ते ३० ग्रॅम वाढ अपेक्षित असते. तीन महिन्यांनंतर वेग आपोआप उतरतो, १५ ते २० ग्रॅमवर येतो आणि सहा महिन्यांनंतर आणखी कमी होतो. तुमच्या मुलीने घरी आल्यापासून सहाव्या आठवड्यापर्यंत रोज सुमारे ३७ ग्रॅम कमावले, म्हणजे भरपूरच. पुढच्या चार आठवड्यांत रोज २५. शेवटच्या चार आठवड्यांत मात्र ४०० ग्रॅम, म्हणजे रोज १४. पहिल्या डॉक्टरांची भुवई इथेच उंचावली असणार, आणि ते चूक नाही.

पण तुमच्याच मजकुरात एक ओळ आहे: दहाव्या आठवड्याची लस सरकारी दवाखान्यात दिली, गर्दी होती, बाहेर पाऊस होता, म्हणून सिस्टरांनी झबलं, टोपडं, लंगोट आणि दुपट्यासकटच काट्यावर ठेवलं. चौदाव्या आठवड्याला खासगी दवाखान्यात उघडं करून, वेगळ्या काट्यावर. लहान बाळाचे असे कपडे आणि दुपटं मिळून दोनशे ग्रॅम सहज भरतात, लंगोट ओला असेल तर जास्तच. समजा, तेव्हाचं खरं वजन ४.५ होतं. मग आधीच्या चार आठवड्यांत ५०० ग्रॅम आणि नंतरच्या चारांत ६०० ग्रॅम, म्हणजे रोज १८ आणि मग २१. मंदावल्याचा प्रश्नच मिटला. खरं काय ते मला माहीत नाही आणि त्या दोन डॉक्टरांनाही कळायला मार्ग नव्हता. म्हणून पुढचं वजन करताना काटा एकच, बाळ पूर्ण उघडं, काटा आधी शून्यावर आणि शक्यतो पाजायच्या आधी. आठवड्यातून एकदा पुरे. घरी काटा आणून रोज वजन करू नका; एका शी-शूने पन्नास-शंभर ग्रॅम इकडेतिकडे होतात आणि त्या आकड्यांवर घरात भांडणं होतात.

आता आलेख. आपल्याकडे वापरतात तो तक्ता जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केला. ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा सहा देशांतली, अंगावर पिणारी, बऱ्या परिस्थितीतल्या घरांतली बाळं त्यासाठी पाहिली. भारतातली बाळं दिल्लीची होती. हे सांगायचं कारण असं की त्याआधीचे तक्ते प्रामुख्याने बाटलीच्या दुधावर वाढलेल्या अमेरिकी मुलांचे होते आणि त्यांवर अंगावर पिणारं बाळ नेमकं तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून ‘मागे पडल्यासारखं’ दिसायचं. तो समज अजून पुरता गेलेला नाही. नव्या तक्त्यात मुलींची तीन महिन्यांची मधली रेषा ५.८ किलोची आहे आणि सामान्य मानलेली खालची सीमा ४.५. चार महिन्यांना हेच आकडे ६.४ आणि ५.०. तुमची मुलगी तीन महिने आणि वर आठवडाभराची, ५.१ किलो. मधल्या रेषेच्या खाली, सीमेच्या बऱ्यापैकी वर. जन्मतःही ती मधल्या रेषेच्या खालीच होती, म्हणजे आपल्याच वाटेने चाललीये. जन्मवजनाची दुप्पट पाचव्या महिन्याच्या सुमारास व्हावी लागते. तुमच्याकडे ती ५.६ ला होईल, आणि ती आत्ताच ५.१ ला आहे.

शेजारच्या मुलाचा तक्ताच वेगळा. मुलग्यांची मधली रेषा तीन महिन्यांना ६.४ आणि चार महिन्यांना ७.०. तो मधल्या रेषेच्या किंचित वर आहे, एवढंच. त्याच्याशी तुलना करून काही हाती लागणार नाही. तुमच्या माता व बाल संरक्षण कार्डात मुलींसाठी गुलाबी आणि मुलांसाठी निळा आलेख असतो. त्यावर सगळी वजनं स्वतः टिंबं देऊन जोडा. हिरवा, पिवळा, नारिंगी असे पट्टे आहेत. टिंब कुठल्या पट्ट्यात आहे यापेक्षा रेषा छापलेल्या रेषांना समांतर जातेय का, आडवी होतेय की खाली वळतेय, ते मला आधी पाहायचं असतं. हिरव्या पट्ट्यात असूनही सपाट झालेली रेषा मला पिवळ्या पट्ट्यातून नीट वर जाणाऱ्या रेषेपेक्षा जास्त खटकते. वाटलं तर अंगणवाडीताईंकडून लावून घ्या, त्यांचं हे रोजचं काम आहे.

वजनाच्या जोडीला लघवी मोजा. चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा, फिकट रंगाची, लंगोट चांगला भिजवणारी लघवी होत असेल तर पोटात पुरेसं दूध जातंय. डायपर लावल्यावर हे कळत नाही. एक दिवस कापडी लंगोट वापरा आणि फ्रिजवर कागद चिकटवून रेघा मारा. शीचं मात्र मनावर घेऊ नका. दीड-दोन महिन्यांनंतर अंगावर पिणारं बाळ चार-पाच दिवस शी करत नाही आणि मग एकदम कपडे-चादर सगळं भरवतं. शी मऊ असेल आणि बाळ खेळत असेल तर तेही ठीक.

समजा, कपड्यांचा हिशोब धरूनही वाढ थोडी कमीच निघाली. तरी माझा हात लगेच डब्याकडे जाणार नाही. आधी मी एक अख्खं पाजणं शेजारी बसून पाहीन. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात झालेली खरी उणीव हीच आहे: दोन डॉक्टर झाले, पण बाळ पितं कसं हे कुणी पाहिलं नाही. ओपीडीत वीस-पंचवीस मिनिटं एका आईपाशी बसणं जमत नाही हे मलाही कळतं. पण त्यासाठी प्रशिक्षित नर्स किंवा स्तनपान सल्लागार आता बहुतेक शहरांत मिळतात. त्यांच्याकडे एकदा जा.

पाहायचं काय, ते सांगते, आरशासमोर बसून तुम्हालाही पाहता येईल. नेहमी दिसतं ते असं: आई पुढे वाकलेली, बाळ पाठीवर आडवं आणि मान तेवढी वळवलेली. आपण स्वतः मान वळवून पाणी पिऊन पाहावं, म्हणजे बाळाचे हाल कळतात. बाळाचं पोट तुमच्या पोटाला टेकलेलं हवं, कान-खांदा-कंबर एका रेषेत. डाव्या बाजूला पाजत असाल तर उजव्या हाताने बाळाच्या मानेच्या तळाशी, कानांच्या मागे आधार द्या. डोकं पुढे ढकलू नका. स्तनाग्र बाळाच्या नाकासमोर आणा, वरच्या ओठाला हलकेच लावा आणि थांबा. जांभई देताना उघडतं तसं तोंड मोठं उघडेल, त्या क्षणी हनुवटी आधी टेकवत बाळाला जवळ घ्या. स्तनाग्राभोवतीचा काळा भाग, त्यातही खालचा जास्त, तोंडात गेला पाहिजे. खालचा ओठ बाहेर वळलेला, गाल भरलेले, हनुवटी रुतलेली, नाक मोकळं. मग ऐका. सुरुवातीला भरभर चोखणं, मिनिटाभराने दूध उतरलं की लय संथ होते: एक-दोनदा ओढणं, हनुवटी खाली जाऊन क्षणभर थांबणं आणि घशातून गिळल्याचा हलका आवाज. हे गिळणं किती वेळ टिकतं यावर सगळं आहे. अर्धा तास तोंडात धरून बाळ नुसतं चघळत असेल तर तो अर्धा तास पाजण्यात धरायचा नाही. सुटल्यावर स्तनाग्र गोल दिसायला हवं. चपटं, तिरपं दाबलेलं, टोकाला पांढरं दिसत असेल किंवा दुखत असेल, तर बाळ नुसतं टोक धरतंय. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे स्तनपानावरचे व्हिडिओ मराठीतही आहेत. माझ्या या चार ओळींपेक्षा ते पाहून जास्त समजेल.

आता तुमचा मोबाईलवरचा टायमर. दहा मिनिटं उजवीकडे, दहा डावीकडे. तो आजपासून बंद. स्तन रिकामा होत जातो तसं दुधातलं स्निग्ध वाढत जातं. ‘पुढचं दूध’ आणि ‘मागचं दूध’ अशा दोन वेगळ्या टाक्या नसतात, बदल हळूहळू होतो, आणि त्याचा बाऊ करण्याचंही कारण नाही. पण बाळ रंगात आलेलं असताना दहाव्या मिनिटाला काढून दुसरीकडे लावलं की दोन तोटे होतात. घट्ट दूध मागे राहतं, आणि दोन्ही बाजू अर्ध्या भरलेल्या राहिल्याने शरीराला निरोप जातो की एवढं नको, थोडं कमी बनवा. हा दुसरा तोटा मोठा. दूध किती बनावं हे मुख्यतः किती काढलं जातं यावर ठरतं. म्हणून एक बाजू बाळ स्वतः सोडेपर्यंत द्या. गिळणं थांबून नुसतं चघळणं सुरू झालं की स्तन हाताने हलकेच दाबून धरा, पुन्हा गिळणं सुरू होतं. सुटल्यावर ढेकर काढा, मग दुसरी बाजू पुढे करा. घेतली तर घेतली. पुढच्या वेळी त्या दुसऱ्या बाजूने सुरुवात.

महिनाभरापासून मुलगी रात्री सलग सात तास झोपते असंही तुम्ही आनंदाने लिहिलंय. आनंद मोडायचा नाही मला, पण वाढ मंदावल्याची शंका आणि ही झोप एकाच महिन्यातली आहे. दूध तयार करणाऱ्या प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचं (हार्मोनचं) प्रमाण रात्री जास्त असतं, त्यामुळे रात्रीचं पाजणं वगळलं की बाळाचं एक जेवण जातंच, शिवाय दुधाचा निरोपही कमी होतो. पुढचे दोन आठवडे तुम्ही झोपायला जाताना, अकराच्या सुमारास, तिला अर्धवट झोपेतच उचलून पाजा आणि पहाटे आणखी एकदा. दिवसा वेगळी भानगड असते. तीन महिन्यांच्या बाळाला जग दिसू लागतं. पंखा, टीव्ही, दारातून येणारे आजोबा, सगळीकडे मान वळते आणि पिणं अर्धवट राहतं. दोन-तीन वेळा तरी पडदे ओढून, दार लावून, गप्प बसून पाजा.

तुम्ही ज्या गोष्टींना दूध कमी असल्याचा पुरावा धरलंय, त्यांतल्या बऱ्याचशा पुरावाच नाहीत. छाती आता जड वाटत नाही: दीड-दोन महिन्यांनंतर मागणीनुसार पुरवठा बसतो, मऊ वाटणं स्वाभाविक आहे. संध्याकाळी सहा ते नऊ सारखं प्यायला मागते आणि रडते: हे बहुतेक बाळं करतात, डब्याच्या दुधावरची बाळंही. पंपाने ४० मिलीच निघालं: तुम्ही ते पाजून तासाभराने काढलंत, म्हणजे ते बाळाने पिऊन उरलेलं होतं. शिवाय बाळाच्या जिभेला आणि जबड्याला जे जमतं ते पंपाला जमत नाही. पंपावरून दूध मोजायचंच नाही.

सासूबाईंच्या ‘पातळ’ दुधाबद्दल. म्हशीच्या दुधाची साय पाहिलेल्या डोळ्यांना आईचं दूध निळसर, पाण्यासारखं दिसणारच. पण त्यात १०० मिलीला साधारण ६५ ते ७० कॅलरी असतात, जवळपास गाईच्या दुधाइतक्याच. गाईच्या दुधात निम्मं पाणी घातलं की उरतात पस्तीसच्या आत. म्हणजे वजन वाढावं म्हणून पोट भरायचं अर्ध्या ताकदीच्या दुधाने, आणि भरलेल्या पोटी बाळ अंगावर कमी पिणार. पाणी न घालता द्यावं तर गाईच्या दुधातली प्रथिनं आईच्या दुधाच्या जवळपास तिप्पट, क्षारही जास्त, त्याचा भार कोवळ्या मूत्रपिंडांवर. लोह जेमतेम, आणि काही बाळांच्या आतड्यांतून गाईच्या दुधामुळे सूक्ष्म रक्तस्राव होतो. म्हणून वर्षाच्या आत पिण्याचं दूध म्हणून गाईचं नको. सासूबाईंना हे आकड्यांनिशी सांगा, वाद न घालता. त्यांच्या काळी डॉक्टरही पाणी घालून दूध द्या असंच सांगायचे.

बाळगुटी मात्र थांबवा. सहाणेवर उगाळलेल्या गुटीत किती काय गेलं हे कुणालाच कळत नाही, सहाण आणि पाणी किती स्वच्छ हेही नाही. मधात कालवून देत असाल तर आणखीच वाईट. वर्षाच्या आत मधामुळे बोट्युलिझम (जंतूंच्या विषाने स्नायू लुळे पडण्याचा गंभीर आजार) होऊ शकतो. पाणी, ग्राइप वॉटर यांचीही गरज नाही, मे महिन्याच्या उन्हाळ्यातसुद्धा. ड्रॉपरने द्यायचं ते डॉक्टरांनी सांगितलेलं ड जीवनसत्त्व, रोज ४०० युनिट, तेवढं चालू ठेवा.

तुमचं स्वतःचं काय? अळीव, डिंकाचे लाडू, शतावरी यांना माझी हरकत नाही. खीर-लाडवांनी तुमच्या पोटात चार घास जास्त जातात हेच खूप. पण नीट न पिणारं बाळ आणि भरपूर अळीव यांनी दूध वाढत नाही. उलट, बाळंतिणीला पालेभाजी नको, डाळ नको, फळ थंड असतं, असं करत ताटात वरण-भातच उरला असेल तर ते बदला. या दिवसांत तुम्हाला रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात, म्हणजे दोन भाकऱ्या, वाटीभर उसळ, दही, मूठभर शेंगदाणे, असं साधंच. आणि एक प्रश्न, जो तुम्हाला कुणी विचारला नसेल: दहाव्या आठवड्याच्या आसपास गर्भनिरोधक गोळ्या सुरू केल्यात का? इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी दूध कमी होतं. घेत असाल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगून दुसरा उपाय निवडा.

खरोखर दूध कमी असतं का कधी? असतं. ‘प्रत्येक आईला पुरेसं दूध येतंच’ असं ठणकावून सांगणाऱ्यांशी मी सहमत नाही. ज्या बाईला येत नाही तिला त्याने अपराधी वाटण्यापलीकडे काही मिळत नाही. बाळंतपणात खूप रक्त गेलेलं असणं, वारेचा तुकडा आत राहणं, थायरॉइड, स्तनाची पूर्वीची शस्त्रक्रिया, दूधग्रंथींची वाढच अपुरी असणं, ही खरी कारणं आहेत. कधी दूध भरपूर असतं आणि अडचण बाळात असते. जिभेखालचा पडदा आखूड असतो. लघवीचा संसर्ग या वयात ताप न येताही नुसतं वजन रोखून धरतो, म्हणून वाढ खरंच थांबलेली असेल तर लघवीची तपासणी मी डब्याच्या आधी सांगते. पिताना कपाळावर घाम येणं, धाप लागून मध्येच सोडणं, ओठ निळसर होणं हे हृदयाच्या तपासणीचं कारण. सारख्या मोठ्या उलट्या, सहापेक्षा कमी लघव्या, सुस्त पडून राहणं, ताप, पांढरट शी, यांपैकी काहीही दिसलं तर घरी प्रयोग करत बसू नका, त्याच दिवशी दाखवा. तुम्ही लिहिलेल्यात यांतलं काही नाही.

म्हणून पुढचे दोन आठवडे असे काढा: टायमर बंद, पकड दुरुस्त, रात्रीचं पाजणं परत, गुटी बंद. सात आणि चौदा दिवसांनी त्याच काट्यावर उघडं वजन. दोन आठवड्यांत अडीचशे ग्रॅमच्या आसपास वाढली तर विषय संपला. दीडशेच्याही खाली राहिली तर बाळाची तपासणी, लघवी, आणि हो, वरचं दूध. मधे कुठेतरी अडकली तर आणखी आठवडाभर थांबायला जागा आहे, पण ते प्रत्यक्ष पाहणाऱ्या डॉक्टरांनी ठरवावं.

वरचं द्यायची वेळ आलीच तर पहिला मान तुमच्याच काढलेल्या दुधाचा: पाजून झाल्यावर हाताने किंवा पंपाने काढायचं आणि पुढच्या पाजण्यानंतर द्यायचं. मातृदूध पेढीचं, म्हणजे इतर आयांनी दान केलेलं दूध कुणी सुचवेल. आशियातली पहिली पेढी मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. पण पेढ्यांचं दूध मुख्यतः काचेच्या पेटीतल्या कमी दिवसांच्या बाळांसाठी असतं, घरी न्यायला नाही. मग डबा. डबा म्हणजे विष नाही, गरज असेल तेव्हा तो द्यायलाच हवा. पण जेवढी तूट तेवढाच, आणि अंगावर पाजून झाल्यावर. किती मिली आणि किती वेळा हे चिठ्ठीवर लिहून घ्या, आणि ‘कधी बंद करायचं’ हेही विचारा. नुसतं नाव लिहिलेल्या चिठ्ठीत नेमकं हेच नसतं. वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने द्या. बाटलीतून दूध न ओढताही वाहत येतं, बाळाला त्याची सवय झाली की अंगावर ओढायचे कष्ट नको होतात, आणि बाटलीची बुचं-खाचा धुणं हे वेगळंच काम.

कोणता डबा, हा तुमचा मूळ प्रश्न. सहा महिन्यांखालच्या, निरोगी, पूर्ण दिवसांच्या बाळासाठीचा कोणताही साधा, गाईच्या दुधावर आधारित डबा चालेल. महागाचा जास्त चांगला असं काही नाही. त्यांच्या जाहिराती आणि मोफत नमुने यांवर आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. तरी कुणी ‘मोफत सॅम्पल’ हातात ठेवलंच तर घेऊ नका. प्रमाण डब्यावर वाचा. बहुतेकांत ३० मिली पाण्याला एक सपाट चमचा असतो, डब्यातलाच, शीग न लावता. आधी उकळलेलं पाणी मोजायचं, मग पावडर. उरलेलं तासाभरात टाकून द्यायचं. पाच किलोचं बाळ पूर्णपणे डब्यावर असेल तर दिवसाला साधारण ७५० मिली लागतं आणि ४०० ग्रॅमचा डबा चार दिवसही पुरत नाही. हे परवडत नाही म्हणून घरोघरी साठ मिलीला एक चमचा असं पातळ होतं. ‘डब्यावर असूनही वजन वाढत नाही’ म्हणून बाळ आलं की मी आधी आईला समोर दूध करून दाखवायला सांगते, बहुतेकदा उत्तर तिथेच मिळतं. याउलट शिगोशीग चमचे घालून आणि बाळाने तोंड फिरवल्यावरही बाटली संपवायला लावून गुटगुटीत केलेली बाळंही येतात. पूर्वी गावोगावी सुदृढ बालक स्पर्धा व्हायच्या आणि बक्षीस सगळ्यांत जाड बाळाला मिळायचं, तो चष्मा अजून आपल्या डोळ्यांवर आहे. बाळपणी फार झपाट्याने वाढलेल्या वजनाचा पुढच्या लठ्ठपणाशी संबंध आढळतो.

राहिली तुमची नोकरी. रजा सहा महिन्यांनी संपणार म्हणून चौथ्या महिन्यातच नाचणीसत्त्व सुरू करावं का, असं विचारलंय. नको. सहा महिने पुरे होऊ द्या. सत्त्वाची पातळ पेज आणि डाळीचं पाणी पोट भरतात, पण ताकद आईच्या दुधापेक्षा कमी देतात. सहा महिन्यांनंतरही चमच्यातून ओघळून पडणार नाही एवढी दाट, तूप घातलेली मऊ खिचडी, कुस्करलेलं केळं, उकडून मळलेला बटाटा, असं द्यायचं. सहा ते आठ महिन्यांत वरच्या खाण्यातून रोज साधारण २०० कॅलरी पुरतात, बाकी दूधच.

दूध काढून ठेवायचा सराव रुजू व्हायच्या तीन-चार आठवडे आधी सुरू करा. स्वच्छ, झाकणाच्या स्टीलच्या भांड्यात घरातल्या तापमानाला ते चार तास टिकतं, उन्हाळ्यात त्याहून कमी धरा. फ्रिजमध्ये, दारात न ठेवता आतल्या बाजूला, चोवीस तास. द्यायच्या आधी भांडं कोमट पाण्यात ठेवायचं, गॅसवर नाही. आणि वाटीने पाजायचा सराव सासूबाईंनी करावा, तुम्ही दुसऱ्या खोलीत असताना. आई समोर असली की बाळं सहसा वाटीला तोंड लावत नाहीत.